पावसाळ्यातले चार महिने कोण तपासणार? कोकणच्या पाण्यावर संशोधन करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
कोकणातल्या विहिरी, नद्या, खाड्या आणि सांडपाणी यांच्यावर काम करणारे प्राध्यापक, गाईड आणि एमएस्सी-पीएचडी करणारी सगळी मुलं-मुली,

सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावात राहते. गावच्या पाणी समितीवर आहे, आणि जलजीवन मिशन आलं तेव्हा प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायच्या किटचं ट्रेनिंग दिलं होतं, त्या पाचातली मी एक. सायन्सची डिग्री नाही माझ्याकडे, पण पीएच, क्लोराईड, नायट्रेट, लोह किटवर कसं बघायचं ते येतं, जिवाणूंची बाटली लावता येते, आणि वाडीतली कुठली विहीर कधी गढूळ होते ते तर इथल्या प्रत्येक बाईला माहितीच असतं. मला तुमच्याशी मुख्य बोलायचंय ते हे, की तुम्ही ज्या दिवसांत येता त्या दिवसांत आमचं पाणी बऱ्यापैकी चांगलं असतं, आणि ज्या दिवसांत ते बिघडतं त्या दिवसांत इथे बाटली घेऊन कोणीच नसतं.

आता सरकारी पद्धत बघा. पिण्याच्या पाण्याची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जिवाणूंची दोनदा, एक पावसाळ्याआधी आणि एक पावसाळ्यानंतर. ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं, लाल कार्ड मिळतं ना, त्याचा सर्व्हे पण तसाच, पावसाच्या अलीकडे आणि पलीकडे. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. म्हणजे ज्या काळात जमिनीवरची सगळी घाण पाण्याबरोबर हलते, खड्डे भरून वाहतात, पऱ्या, म्हणजे ओढा, विहिरीच्या कठड्याला लागतो, नेमका तोच काळ दोन तपासण्यांच्या मधे राहून जातो. सरकारची माणसं कमी, लॅब कमी, त्यांचं मी समजू शकते. पण तुम्ही तर संशोधन करता, तुम्ही पण डिसेंबर-जानेवारीतच का येता? सेमिस्टर तेव्हा असतं, घाट बंद नसतो, होडी मिळते, बाटल्या भिजत नाहीत, हे सगळं खरं आहे आणि त्यात तुमची काही वाईट बुद्धी आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण जानेवारीतलं पाणी तपासून जो प्रबंध होतो तो जानेवारीतल्या पाण्याचा होतो. मूल जुलाबाने आजारी पडतं जुलैत, कावीळ येते पावसात, आणि त्या पाण्याचा आकडा कुठेच नसतो.

आमचा दगड जरा समजून घ्या म्हणजे मी एवढी पावसाच्या मागे का लागलेय ते कळेल. कोकणात वर जांभा. जांभा म्हणजे चाळणीच. विहीर खणताना जो कातळ कापलेला असतो त्यात बोटभर रुंदीची भोकं असतात, काही तर हाताची मूठ जाईल एवढी, आणि पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की कठड्यावरून वाकून आत बघा, त्या भोकांतून पाण्याच्या धारा सुटलेल्या दिसतात, आधी तांबूस, मग हळूहळू निवळत जाणाऱ्या. मातीतून गाळून, थांबून, मुरून आलेलं पाणी ते नव्हेच, वर पडलं आणि वाट मिळेल तसं खाली आलं. म्हणून तर एवढा पाऊस पडून एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे टँकर लागतो, पाणी थांबतच नाही. आणि ज्या वाटेने पाऊस येतो त्याच वाटेने बाकीचं पण येतं.

बाकीचं म्हणजे काय ते सांगते. २०१६ साली सिंधुदुर्ग जिल्हा देशातल्या मैदानी जिल्ह्यांत सगळ्यात स्वच्छ म्हणून निवडला गेला, आणि रत्नागिरीतही वाड्या-वाड्यांत संडास झालेत, याचा मला मनापासून अभिमान आहे. अंधार पडायची वाट बघत बसणाऱ्या बायकांच्या पिढ्या गेल्या, त्या घरात मी पण वाढलेय, त्यामुळे संडासाविरुद्ध मी एक अक्षर बोलणार नाही. पण संडास झाल्यावर मैला जातो कुठे? खाली शोषखड्ड्यात. खड्डा विहिरीपासून १५ मीटर लांब असावा असं आम्हाला सांगितलं जातं. आमची आगरं, म्हणजे घराभोवतालच्या वाड्या, बघितलीत का तुम्ही, लांबच लांब आणि अरुंद, एका टोकाला पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, दुसऱ्या टोकाला खाडी, मधे घर, मागे विहीर, पलीकडे गोठा, आणि वरच्या अंगाला शेजाऱ्याचा खड्डा. स्वतःच्या हद्दीत १५ मीटर सांभाळले तरी शेजाऱ्याचा उतार कोण सांभाळणार. आणि मुळात ते १५ मीटर मातीसाठी ठीक असतील, जांभ्यात त्याचा अर्थ काय होतो? तिथे १५ मीटर पाणी काही तासांत येतं की काही दिवसांत? आमच्या गावाला हे कोणीही मोजून सांगितलेलं नाही.

आणि हे मोजणं फार खर्चिक पण नाही ना. मी वाचलंय की शोषखड्ड्यात मिठाचं पाणी सोडायचं आणि विहिरीच्या पाण्याची वीजवाहकता तासातासाला बघत राहायची, वाढली की समजायचं आलं. नाहीतर तो हिरवा चमकणारा रंग असतो, फ्लोरेसीन, गुहांच्या प्रदेशात भूगर्भवाले वापरतात तो. एका वाडीत एका पावसाळ्यात दहा-बारा विहिरींवर हे कोणी केलं तरी आम्हाला कळेल की कोणाचा खड्डा हलवायला हवा आणि कोणाचा उगाच हलवायचा नाही. तुमच्यासाठी तो एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे आणि आमच्यासाठी शेजाऱ्याशी भांडण होईल की नाही एवढा मोठा प्रश्न आहे तो. आता भांडणं होतातच, फक्त पुराव्याशिवाय होतात.

बाटलीचं सांगते, कारण संशोधन म्हणजे काय असावं हे मला त्या बाटलीवरून कळलं. एचटूएसची बाटली, म्हणजे पाण्यात मैल्याचे जिवाणू आहेत का ते दाखवणारी, तुम्हाला माहितीच असेल. छोटी बाटली, तळाला औषध वाळवलेलं, वरून पाणी खुणेपर्यंत भरायचं, हात न लावता झाकण घट्ट करायचं आणि घरात उबदार जागी ठेवून द्यायची. आधी पाण्याला पिवळट तपकिरी रंग येतो. दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी, पाणी तसंच राहिलं तर ठीक, काळं झालं तर गडबड. मी ती चहा-साखरेच्या फळीवर ठेवते, चुलीची ऊब लागते म्हणून, आणि घरात कोणीही येताजाता आधी बाटलीकडे बघतं. शाळा न शिकलेल्या माणसाला पण काळं झालेलं पाणी दिसतं, त्याला समजवावं लागत नाही. ही चाचणी ग्वाल्हेरच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेत मंजा, मौर्य आणि राव या तिघांनी १९८२ मध्ये मांडली. लॅब नाही, वीज नाही, फ्रिज नाही अशा जागी चालेल अशी चाचणी पाहिजे हे त्यांनी डोक्यात धरून केलं, आणि आज ती माझ्या स्वयंपाकघरात आहे. याला मी संशोधन म्हणते.

पण त्याच बाटलीबद्दल माझा एक प्रश्न आहे आणि तो मला तुमच्याशिवाय कोणाला विचारता येत नाही. खाडीला लागून ज्या मचूळ पाण्याच्या विहिरी आहेत तिथे बाटली जवळजवळ दरवेळी काळी होते. आता असं पण आहे की खाऱ्या गाळात गंधक खाणारे दुसरे जिवाणू असतात, त्यांचा मैल्याशी संबंध नसतो, आणि त्यांनी पण बाटली काळी होऊ शकते. मग त्या विहिरीवाल्यांना मी काय सांगू? पाणी उकळा म्हणून सांगते, ते कधीही बरोबरच. पण त्यांच्यापैकी एकाने त्या काळ्या बाटलीवरून शेजाऱ्याचा संडास बंद करायची भाषा केली तेव्हा मला ठाम काही बोलता येईना. एचटूएसच्या बाटलीबरोबर त्याच पाण्याची ई कोलाय, म्हणजे मैल्यातून येणाऱ्या जिवाणूची, तपासणी लॅबमध्ये लावली, वर्षभर, मचूळ विहिरी आणि गोड्या विहिरी दोन्ही, तर खाडीकाठी या बाटलीवर किती विश्वास ठेवायचा ते कळेल. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक आयएस १०५०० सरळ सांगतं की १०० मिलिलिटर पाण्यात ई कोलाय एकही सापडता कामा नये. ते मोजायचं तर लॅबच लागते, ते आमच्या हातात नाही.

त्याच्या पुढची गोष्ट, माणसाचा मैला की गुरांचं शेण हे डीएनएवरून ओळखता येतं ना आता? तुमच्या लॅबमध्ये ते डीएनए तपासायचं पीसीआर मशीन कोविडनंतर आलेलं असणार. आमच्याकडे गोठा विहिरीच्या वरच्या अंगाला असणं हे कॉमन आहे, आणि संडासवाला म्हणतो गोठ्यामुळे, गोठेवाला म्हणतो संडासामुळे. एकदा कळलं की कशामुळे, तर गोठ्याची मोरी वळवणं हजार-दोन हजारांत होतं, संडासाचा खड्डा हलवणं तेवढ्यात होत नाही, मग पैसे कुठे घालायचे ते ठरवता येईल. माझ्या दृष्टीने पाण्यातल्या सगळ्या संशोधनात आत्ता आमच्या गावाला सगळ्यात उपयोगी जर कुठलं असेल तर हे.

क्लोरीनबद्दल पण. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो, आम्ही ओटी, म्हणजे क्लोरीन बघायची चाचणी, करतो, पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन आहे, नळाच्या शेवटच्या टोकाला ०.२ पीपीएम तरी यायला पाहिजे. पावसाळ्यात हे बिघडतं आणि बिघडतं ते दोन्हीकडून. पाणी गढूळ असलं की ते गढूळपणच क्लोरीन खाऊन टाकतं. आणि दुसरीकडे ग्रामपंचायतीच्या खोलीत टीसीएलची पिशवी जुलैच्या दमट हवेत पडलेली असते, भिंतीला ओल, पिशवीचं तोंड सुतळीने बांधलेलं, हात घातला तर पावडरीचे गोळे झालेले. नव्या चांगल्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, आणि हवेतल्या ओलीने तो कमी होत जातो हे पुस्तकात आहे. पण आमच्या हवेत, आमच्या खोलीत, जूनला आणलेली पिशवी ऑगस्टला किती उरते? जलसुरक्षक माप तेच टाकतो बिचारा, तक्त्यात लिहिलेलं. पावसाळ्याच्या प्रत्येक महिन्यात किती जास्त टाकायचं किंवा पिशवी कशात ठेवायची एवढं जरी कोणी सांगितलं तरी जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या उपयोगाचं होईल.

आता जरा मनातलं बोलते. मागे एका कॉलेजची टीम आली होती आमच्याकडे. चांगली मुलं होती, उन्हातान्हात फिरली, प्रत्येक विहिरीवर बाटलीवर मार्करने वाडीचं आणि घराचं नाव लिहिलं, आयाबायांना विचारून विचारून माहिती घेतली, आम्ही पण आपली मुलं समजून जेवायला घातलं. जाताना म्हणाली रिपोर्ट पाठवतो. तो आला नाही. फोन केले, आधी मुलगी म्हणाली सर बघतायत, मग तिचं शिक्षण संपून ती गेली, मग तो नंबरच लागेना. वाडीतली एक आजी अजून मला विचारते, "ती बाटल्या घेऊन गेलेली पोरं, त्यांनी काय कळवलानी काय गो?" तिला काय सांगू? तिच्या विहिरीचं पाणी कुठल्यातरी प्रबंधात डब्ल्यू नंबर अमुक म्हणून छापलेलं असेल, आणि तिला माहीत नाही की ती पिते ते चांगलं की वाईट. कॉलेजचं नाव मी घेत नाही कारण मला कोणाची बदनामी करायची नाहीये आणि हे एकाच कॉलेजचं नाही, आजूबाजूच्या गावांत विचारलं तर तिथेही हेच ऐकायला मिळतं. लोक आता बाटलीवाल्यांना विहिरीवर येऊ द्यायला कंटाळा करतात, ते तुमच्या पुढच्या मुलांना भोगावं लागेल.

त्यामुळे एक गोष्ट अगदी पक्की करा. विहिरीचा निकाल आधी विहिरीच्या मालकाला. एका कागदावर, मराठीत, साध्या भाषेत, काय सापडलं आणि आता काय करायचं. आणि गावात सगळ्यांसमोर वाचताना घराचं नाव नको. इथे होमस्टे आहेत, खानावळी आहेत, कोणाच्या विहिरीला वाईट म्हटलं आणि ते व्हॉट्सअॅपवर गेलं तर त्याचा अख्खा मे महिना जाईल. लोक लपवतात ते या भीतीने लपवतात, वाईट म्हणून नाही.

होमस्टेवरून आठवलं, मे आणि दिवाळी आणि थर्टीफर्स्टला किनाऱ्यावर जी गर्दी होते त्याचं सांडपाणी हा एक मोठा विषयच आहे. चार माणसांच्या घराची टाकी, तिला चाळीस माणसं लागतात. टाकी भरली की उपसायची गाडी येते, आणि ती गाडी रिकामी कुठे होते हे विचारलं तर कोणी सांगत नाही, सड्यावर कुठेतरी. सडा म्हणजे तोच जांभा, आणि त्याच्या खाली आमच्या विहिरींचं पाणी. वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी ठरवून, पाळीपाळीने टाक्या उपसायची आणि मैला एका प्लांटवर नेऊन त्यावर प्रक्रिया करायची पद्धत बसवली आहे. ती शहरं आहेत, आम्ही विखुरलेल्या वाड्या. दहा-पंधरा गावांना मिळून एक प्लांट, आणि त्या प्लांटचा पाऊस कसा आवरायचा, हे कोणीतरी आमच्या नकाशावर बसवून दाखवायला पाहिजे.

कारण प्रक्रियेच्या पद्धती सगळ्या दुसऱ्याच कोणाच्या हवामानाला धरून असतात असं मला वाटतं. मोठ्या शहरात जी हवा मारून गाळात जिवाणू वाढवायची पद्धत असते, ती १९१४ मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवली, आणि जगभर चालते. पण तिला हवा मारायला चोवीस तास वीज लागते. आमच्याकडे जूनला पहिला वारा सुटला की लाईट जाते, ती कधी येईल ते कोणी सांगत नाही. नीरी या नागपूरच्या पर्यावरण संशोधन संस्थेची फायटोरिड आहे, दगडगोट्यांच्या वाफ्यात झाडं लावून त्यातून सांडपाणी सोडायचं, आयआयटी मुंबईच्या प्रा. शंकर यांनी विकसित केलेलं सॉईल बायोटेक्नॉलॉजी आहे, मातीच्या थरातून सांडपाणी गाळायचं, या दोन्ही मला गावासाठी जास्त पटतात, वीज कमी लागते, वास नाही, आणि आमच्या लोकांना ते नवीन वाटणार नाही कारण मोरीचं पाणी माडाला आणि केळीला लावायची पद्धत आमच्याकडे आधीपासूनच आहे. फक्त असा वाफा एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस पडला की काय करतो? तो भरून वाहतो का, न गाळलेलं पाणी बाहेर पडतं का, झाडं कुजतात का? कर्दळ आणि अळू आमच्याकडे पावसात माजतात तेव्हा तिथे आशा आहे. वर पत्र्याचं छप्पर घालायचं की बाजूने चर मारायचा, हे जुलैत छत्री घेऊन उभं राहून बघितल्याशिवाय कळणार नाही.

आता खाडी. याबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे कारण माझ्या घरातले अर्धे लोक खाडीवर जगतात.

दाभोळ खाडीतले भोई लोक कित्येक वर्षं तक्रार करतायत की एमआयडीसीच्या पाण्याने मासे मरतात. खाली रत्नागिरीतले खारवी, दालदी, सिंधुदुर्गातले गाबीत, प्रत्येकाकडे मेलेल्या माशांचं काही ना काही सांगायला आहे. दरवेळी घडतं काय, पहाटे मासे वर येतात, तोंडं पाण्याबाहेर काढून, मग उलटे होतात, सकाळी कोणीतरी फोन करतो, व्हिडिओ काढतात, तक्रार जाते, अधिकारी येईपर्यंत दुपार किंवा दुसरा दिवस. खाडीला सहा तासांनी पाणी फिरतं, भरती-सुकती दोनदा होऊन गेलेली असते. मग जे पाणी बाटलीत भरतात ते समुद्रातून आलेलं असतं, मासे मारणारं पाणी कधीच बाहेर गेलेलं असतं. रिपोर्ट येतो, सगळं मर्यादेत. आणि भोई खोटा पडतो. भांगाच्या दिवसांत पाणी कमी हलतं तेव्हा घाण जास्त वेळ राहते, उधाणाला धुऊन जाते, हे होडीवाल्याला विचारा, तो तिथीवर सांगेल. तुमच्या सॅम्पलिंगच्या वेळापत्रकात तारीख असते पण तिथी असते का? पहाटेची वेळ असते का? पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन पहाटे सगळ्यात कमी असतो हे तुम्हीच शिकवता, आणि नमुने घेता दुपारी अकरानंतर.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की काही होडीवाल्यांना शिकवा. ऑक्सिजन बाटलीतच पक्का करायची दोन औषधं असतात ना विंकलरची, ती द्या, काळजी घेऊन कशी टाकायची ते दाखवा, बाटल्या द्या, बर्फ तर त्यांच्याकडे असतोच. मासे वर आले की त्याच मिनिटाला नमुना, मोबाईलवर वेळ आणि जागेचा फोटो. त्यांनी भरलेला नमुना कोर्टात चालणार नाही म्हणाल, नसेल चालत, पण तुम्हाला तर कळेल की पाण्यात काय होतं, आणि तुम्ही सांगितलंत तर पुढच्या वेळी प्रदूषण नियंत्रण बोर्डाला कुठे आणि कधी उभं राहायचं ते कळेल.

आणखी एक, बीओडीवर, म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात त्या मापावर, सगळं सोडू नका. आपल्याकडे बीओडी २७ अंशावर तीन दिवस ठेवून बघतात. पण पाण्यात विषच असेल तर ते बाटलीतले जिवाणू पण मारतं, ऑक्सिजन खायला कोणी उरत नाही, आणि बीओडी कमी येतो, म्हणजे कागदावर पाणी चांगलं. म्हणून सीओडी, म्हणजे जिवाणूंऐवजी रसायनाने केलेलं तेच माप, बघायला हवा आणि मुख्य म्हणजे माशांची चाचणी बघायला हवी. नियमच आहे की प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनी १०० पैकी ९० मासे जगले पाहिजेत. ती चाचणी आमच्या खाडीतल्या बोयटांवर, शेंगट्यांवर, कोळंबीच्या पिल्लांवर करून बघा. शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, १९८१ पासून, रत्नागिरीपासून हाकेवर. दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. जिवाणूंचा नमुना बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत लॅबला लागायला पाहिजे, आणि इथून मुंबई साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, तेव्हा मुंबई-पुण्याच्या मंडळींनी इथल्या लॅबशी हातमिळवणी केल्याशिवाय हे होणारच नाही. एकमेकांशी बोला. विद्यापीठ वेगळं म्हणून आमची खाडी वेगळी होत नाही.

आणि बायका. सुकतीला गुडघाभर चिखलात उतरून कालवं फोडतात, खुबे-तिसऱ्या काढतात, त्यांचं रोजचं त्यावर चालतं. ही शिंपल्यातली जनावरं पाणी गाळून जगतात, म्हणजे खाडीत जे असेल ते अंगात साठवतात. युरोपात असे शिंपले काढायच्या जागांचे वर्ग पाडलेले असतात, १०० ग्रॅम मांसात ई कोलाय २३० पर्यंत असेल तर अ वर्ग, थेट विका. जास्त असेल तर दोनेक दिवस स्वच्छ पाण्याच्या टाकीत ठेवून मग विका. आमच्याकडे तसलं वर्गीकरण मी तरी कुठल्या बाजारात बघितलं नाही. तुम्ही तपासाल आणि पेपरात छापून येईल की कालवं खराब, तर दुसऱ्या दिवशी बाजारात त्या बायकांची टोपली कोणी उचलणार नाही, आणि खाडी खराब करणारा मात्र तसाच राहील. म्हणून तपासताना त्याबरोबर ती टाकीची व्यवस्था पण करून दाखवा, वाडीत बायकांच्या गटाला चालवता येईल अशी, सौर पंपावर चालेल अशी. दोन्ही एकदम करा, नाहीतर तपासू नका असं मी सरळ सांगते.

आंब्याच्या फवारणीबद्दल माझ्याकडे फक्त काळजी आहे, माहिती नाही. कल्टार हे मोहोर आणायचं औषध झाडाच्या बुंध्यात घालतात, ते मातीत बराच काळ टिकतं, औषधं मोहोरावर पाच-सहा वेळा मारतात, आणि बागा सगळ्या सड्यावर, विहिरींच्या वर. आमच्या किटमध्ये कीटकनाशक दिसत नाही. बागायतदार माझेच भाऊबंद आहेत, त्यांना पण जाणून घ्यायचंय, त्यांची मुलं पण तेच पाणी पितात. लेप्टोचं, म्हणजे उंदरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या तापाचं, पण तसंच, लावणीच्या दिवसांत अनवाणी चिखलात उभं राहणारा माणूस तापाने पडतो, सिंधुदुर्गात २०११ साली मोठी साथ येऊन गेली, त्यावर डॉक्सीच्या गोळ्या वाटतात, पण कुठल्या मळ्यात, कुठल्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, तो जंतू किती दिवस राहतो ते शेतकऱ्याला कोणी सांगत नाही.

सांडपाणी बघून रोग आधीच ओळखता येतो हे आता जगाला माहीत झालंय. मुंबईत २००१ पासून गटारातलं पाणी तपासून पोलिओचा विषाणू शोधतात. एक मूल लुळं पडायच्या आधी विषाणू गटारात दिसतो, आणि लगेच डोस द्यायला माणसं निघतात. तिथे नमुना आणि कृती यांच्यात अंतर नाही. आमच्या विहिरींच्या बाबतीत तेवढंच पाहिजे आहे, याच्यापेक्षा मोठी मागणी नाही.

मग असं करा. मृगाच्या आधी या, मेच्या शेवटी, विहिरी तळाला गेलेल्या असतात तेव्हाचं पाणी घ्या, मग पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन दिवसांत घ्या, मग दर पंधरा दिवसांनी त्याच विहिरी, गणपतीपर्यंत. तुम्हाला प्रत्येक वेळी यायची गरज नाही, आम्ही पाचजणी आहोत, बाटल्या उकळून, नाव घालून, बर्फात ठेवून लॅबला पोचवू, फक्त एकदा नीट शिकवा आणि आमची नावं तुमच्या पेपरात नसली तरी चालेल पण मानधन त्या बायकांना द्या, कारण तो त्यांचा मजुरीचा दिवस आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तोपर्यंतचे आकडे सांगा, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पूर्ण रिपोर्ट. त्या सभेला ग्रामपंचायत अधिकारी असतो, सरपंच असतो, ठराव होतो, पुढच्या वर्षाच्या आराखड्यात पैसे धरता येतात. नोव्हेंबरमध्ये आणलात तर ठरावाला पुढच्या २६ जानेवारीची वाट बघावी लागेल.

राहायची सोय समाजमंदिरात होते, पंखा आहे, लाईट गेली तर कंदील आहे. जेवण बचत गट करेल, मासे चालत नसतील तर आधी सांगा. पावसात एसटी शेवटच्या वळणापर्यंत येत नाही, वरच्या फाट्यावर उतरावं लागतं आणि तिथून सामान घेऊन चालत खाली, तर थर्माकोलचे खोके मोठे असतील तर आदल्या दिवशी कळवा, दोन माणसं फाट्यावर पाठवते.

आपली,
पाणी समितीची एक सदस्य
रत्नागिरी जिल्हा